वारकरी मोजणारी माणसं: सोलापुरात पक्षीमंडळ आणि त्याचा अंक कसा चालवावा

सोलापुरात पक्ष्यांचं मंडळ काढतोय म्हटलं की समोरचा आधी हेच विचारतो, "मग माळढोक दाखवणार ना?" या प्रश्नाला "नाही" म्हणायची तयारी असेल तरच पुढे वाचा.

माळढोक म्हणजे उघड्या माळावर राहणारा मोठा, दुर्मीळ पक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली त्याचं अभयारण्य झालं. कागदावर ते एके काळी आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं होतं, पुढे ते सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. पक्षी मात्र त्याहून वेगाने कमी झाले. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे एक पक्षी गेला की त्याची भरपाई व्हायला वर्षं लागतात. आता माळढोक दिसला की पेपरात बातमी येते. अशा पक्ष्याच्या भरवशावर मंडळ काढलंत तर पहिल्या सहलीला चाळीस माणसं येतील, दुसरीला बारा, तिसरीला तुम्ही आणि तुमचा मेव्हणा. आमचं असंच झालं. मेव्हण्याच्या जागी शेजारचा मुलगा होता, एवढाच फरक.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती कंबर तलावावर, वारकरी मोजायला. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पाणपक्षी. पंढरपूरच्या जिल्ह्यात त्याचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा एक मित्र म्हणाला होता, "कोंबड्या मोजायला रविवारी पहाटे उठायचं व्हय बे?" आज तो आमचा खजिनदार आहे.

आधी एक पाणी ठरवा

मंडळाला नाव, बोधचिन्ह आणि टी-शर्ट नंतरही मिळतील. आधी एकच जागा पक्की करा, जिथे तुम्ही महिन्यातून एकदा, त्याच रविवारी, पाऊस असो की लग्नसराई, जाणार म्हणजे जाणार. आम्ही दुसरा रविवार धरला.

सोलापूरकरांचं नशीब चांगलं आहे. शहराच्या पोटात सिद्धेश्वर तलाव आहे, विजापूर रस्त्याला कंबर तलाव म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव आहे, आणि तुळजापूर रस्त्याला ब्रिटिशांच्या काळात बांधलेला एकरुखचा, आपल्या बोलण्यातला हिप्परगा तलाव. पहिल्या वर्षी यांतला शहरातलाच एक घ्या. हिप्परग्याला पक्षी जास्त दिसतील हे खरं, पण तिथे जायला गाडी लागते, आणि गाडी नसलेली माणसं दुसऱ्या महिन्यापासून गळतात. आमच्याकडे सगळ्यात नियमित येणारे सदस्य म्हणजे गिरणीतून निवृत्त झालेले एक मामा. ते सायकलवर येतात. पहिल्या पाळीची सवय अजून मोडलेली नाही, त्यामुळे फेरी सातची असेल तर ते साडेसहाला हजर.

जागा बघताना उभं राहायचं कुठे, हेही ठरवून ठेवा. सकाळी सूर्य पाठीमागे हवा, म्हणजे पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. उलट्या बाजूला उभे राहिलात तर सगळीच बदकं काळी दिसतात आणि नवे लोक समजतात की आपल्याला पक्षी ओळखता येत नाहीत. पाण्यावर जलपर्णी आहे का, कपडे धुणारे आणि मासेमारी करणारे कुठे बसतात, मूर्तिविसर्जन कोणत्या बाजूला होतं, हे एकदा कागदावर काढून ठेवा. असा हाताने काढलेला नकाशा मंडळाचं पहिलं दप्तर ठरतो.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. हिवाळ्यात सातला सुरू करून नऊपर्यंत थांबता येतं. मार्चपासून सहाला जमा. मे महिन्यात आठनंतर तलावावर फक्त उन्हाची तिरीप आणि आपण. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची जत्रा असते. त्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावावर फेरी ठेवू नका, गाडी लावायलासुद्धा जागा मिळत नाही.

पहिली फेरी

पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. जास्त आली तर दोन गट करा आणि दोन काठांवर पाठवा. कपडे मळकट रंगाचे, पायात बूट, पाण्याची बाटली स्वतःची, आणि मोबाईल गप्प. लाल-पिवळा शर्ट घालून आलेल्याला परत पाठवू नका, फक्त मागे उभं करा. पुढच्या वेळी तो आपणहून खाकी घालून येतो.

जाणकाराने पहिल्या अर्ध्या तासात पाचच पक्षी दाखवावेत. मी पहिल्या फेरीत बेचाळीस नावं सांगितली होती आणि लोकांच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधला भाव आला होता. आता मी वारकरी, टिबुकली, शेकाट्या, पाणकावळा आणि हळदी-कुंकू बदक एवढ्यांवर थांबतो. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, म्हणून मुलांना ती लगेच आवडते. शेकाट्याचे लांब लाल पाय एकदा बघितले की विसरत नाहीत. हळदी-कुंकवाच्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, हे एखाद्या ताईंनी दुसऱ्या ताईंना दाखवलं की काम झालं. मी दाखवण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

शेवटी डबे सोडून बसा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की माणसं तासभर जास्त थांबतात आणि त्याच तासात पुढच्या महिन्याची कामं वाटून होतात.

दुर्बीण

मंडळाच्या पैशातून पहिली खरेदी नवख्यांसाठी एका दुर्बिणीची करा. कॅमेरा सदस्य स्वतःच्या हौसेने घेतात, त्याची काळजी मंडळाने करू नये. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहा किंवा बारा पटीची गळ्यात मारायला बघतो. घेऊ नका. पट वाढली की हाताची थरथरही तितकीच वाढते आणि दिसणारा टापू लहान होतो, मग पक्षी सापडेपर्यंत उडालेला असतो.

नवख्याच्या गळ्यात अडकवण्याआधी दोन मिनिटं द्या. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन गोल एक होईपर्यंत थांबायचं. फक्त डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करायची. मग फक्त उजव्या डोळ्याने, उजव्या नळीवरचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. चष्मा असेल तर डोळ्यापाशी येणारी रबरी वाटी आत दाबायची. "मला दुर्बिणीतून काही दिसतच नाही" म्हणणारे बहुतेक जण या वाटीमुळे अडलेले असतात. आणि पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून काढू नका, नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांना लावा.

मोजायचं कसं

पक्षी बघणं आणि पक्षी मोजणं यांत मंडळाचा जीव मोजण्यात आहे. "भरपूर बदकं होती" हे वाक्य वहीत आलं की त्या रविवारी तुम्ही घरी झोपला असतात तरी चाललं असतं.

वहीत दर फेरीला एवढं आलंच पाहिजे: जागा, तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, किती चाललात, आकाश कसं होतं, पाणी कुठपर्यंत होतं, कोण कोण होतं. मग पक्ष्याचं नाव आणि आकडा. पाण्याची पातळी लिहायला लोक विसरतात. हिप्परग्याचं पाणी उतरलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाट्या तिथे उतरतात. तलाव काठोकाठ भरला की तेच पक्षी गायब. पातळी लिहिली नसेल तर पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला वाटेल की पक्षी कमी झाले.

मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी एक-एक करून मोजा, ते केवढी जागा व्यापतात ते नजरेत धरा आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर मांडा. दोघांनी स्वतंत्र मोजून मग आकडे सांगायचे. आधी सांगितलेला आकडा ऐकला की दुसऱ्याचा आकडा त्याच्याकडे सरकतो, माणसाचा स्वभावच आहे. आमचे मामा यात सगळ्यांना भारी पडतात. मागावर धागे बघण्यात आयुष्य गेलं, थवा बघून ते म्हणतात "एकशे सत्तर", आणि फोटोवर मोजले की एकशे बासष्ट निघतात.

हीच यादी त्याच दिवशी ई-बर्डवर, म्हणजे जगभरच्या पक्षीनोंदी जमा होतात त्या संकेतस्थळावर टाका. तिथे "ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का?" असं विचारतात. त्याला प्रामाणिकपणे "हो" म्हणता यावं म्हणून चिमण्या, कावळे, कबुतरंही मोजा. फक्त खास पक्षी टाकलेली यादी अभ्यासकाच्या फार थोड्या कामाची असते. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते ऐका, पण स्वतः पाहिल्याशिवाय किंवा स्वतःच्या कानाने ओळखल्याशिवाय नाव वहीत घालू नका.

माळावर जाताना

तलावावर सहा महिने काढल्यावर माळावर जा. नान्नज, मार्डीकडचा माळ बाहेरच्याला ओसाड वाटतो. तिथे चंडोल आहेत, धाविक आहेत, माळटिटवी आहे, हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खाली-खाली तरंगत जातो, आणि नशीब असेल तर काळवीट. डोंबारी चंडोल वर चढतो, पंख मिटून खाली पडतो, पुन्हा सावरतो. नाव कुणी ठेवलं असेल त्याने नीट बघून ठेवलं आहे. अभयारण्यात शिरायच्या आधी वनविभागाची परवानगी आणि वनरक्षकाशी ओळख, दोन्ही हव्यात. शेतातून जायचं तर मालकाला विचारायचं आणि बांधावरून चालायचं, ज्वारीत पाय घालायचा नाही. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडे कन्नड बोलणारा एक सदस्य बरोबर असला की पाणीही मिळतं आणि पक्ष्यांची माहितीही. धनगरांशी बोला. ते वर्षभर माळावर असतात, आणि कोणतं पाखरू कधी आलं हे त्यांना आपल्या आधी कळतं.

नवं मंडळ म्हटलं की कुणीतरी "माळावर झाडं लावू" म्हणणारच. भावना चांगली, जागा चुकीची. धाविकाला, माळटिटवीला, माळढोकला लांबवर दिसणारं उघडं रान लागतं. झाड आलं की त्यावर बसून टेहळणी करणारे कावळे आणि शिकारी पक्षीही आले. झाडं लावायची हौस असेल तर शहरात लावा, तिथे कमी आहेत.

आता माझी चूक सांगतो. आमच्या चौथ्या अंकात मी मोठ्या अभिमानाने माळटिटवीच्या घरट्याची बातमी दिली. अंडी चार, आणि जागाही दिली: कोणत्या वस्तीमागे, विजेच्या कितव्या खांबापासून किती पावलांवर. एप्रिल महिना होता. टिटवी अंडी उबवते तशीच उन्हात ती थंडही ठेवते. सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. अंक रविवारी वाटला. बुधवारी तिथल्या धनगराचा फोन आला. "सर, कॅमेरेवाले दोन दिवस बसून होते. पाखरू आता येत नाही." चाळीसच्या वरच्या उन्हात अंड्यांना अर्धा तास पुरतो.

तेव्हापासूनचा नियम: घरट्याची जागा छापायची नाही, गटावर टाकायची नाही, तोंडीही सांगायची नाही. घुबड, शिकारी पक्षी आणि जमिनीवर अंडी घालणारे सगळे यात आले. फोटोंना हाच नियम, घरट्यातल्या पिल्लांचा फोटो कितीही सुंदर असला तरी अंकात घेत नाही. पक्ष्याला बोलवायला मोबाईलवर त्याचा आवाज वाजवणाऱ्याला एकदा प्रेमाने सांगायचं, दुसऱ्यांदा फेरीला बोलवायचं नाही.

अंक

मंडळाचे पक्षी वहीत राहतात, पण मंडळ अंकामुळे राहतं. ज्याला चार महिने यायला जमलं नाही, त्याला घरी अंक मिळाला की तो पाचव्या महिन्यात येतो. मुंबईत १९५९ साली जफर फतेहअलींनी पक्षीनिरीक्षकांसाठी इंग्रजी वार्तापत्र सुरू केलं, तेही सायक्लोस्टाइलच्या साध्या कागदांवर. तेव्हा गुळगुळीत कागदाची वाट बघू नका.

दर महिन्याला काढू नका. सहा महिन्यांत संपादकाची दमछाक होते, आणि जो अंक एकदा थांबतो तो पुन्हा निघत नाही. दोन महिन्यांतून एक, वर्षाला सहा. ए-फोरचा कागद मधून दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानं नेहमी चारच्या पटीत. आठ पानं पुरतात, म्हणजे दोन कागद आणि मध्ये दोन पिना. साठ प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटचा खर्च परवडत नाही, झेरॉक्सवाला पुरे. पीडीएफ सगळ्यांना पाठवाच, पण छापील प्रती बंद करू नका. पीडीएफ कुणी शेजाऱ्याला उघडून दाखवत नाही. टीपॉयवरचा अंक पाहुणाही चाळतो.

उलटं मोजत तारखा ठरवा. अंक दुसऱ्या रविवारी हातात द्यायचा, तर छपाई त्याआधीच्या गुरुवारी, प्रूफ सोमवारी, मजकूर त्याआधीच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला बंद. सव्वीस तारखेला आलेला लेख पुढच्या अंकात, लेखक कितीही ज्येष्ठ असो. हे एकदाच पाळायला जड जातं.

टायपिंगचं एक सोलापुरीच नव्हे तर सगळ्या महाराष्ट्राचं दुखणं आहे. सदस्य मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहितात आणि डीटीपीवाल्याच्या संगणकात श्रीलिपी, म्हणजे युनिकोडशी न जुळणारे जुने फाँट असतात. मजकूर एकातून दुसऱ्यात गेला की जोडाक्षरं फुटतात. आमच्या एका अंकात "पक्षी" हा शब्द आठ ठिकाणी अर्धा होता, पक्ष्यांच्याच अंकात. उपाय साधा आहे: सुरुवातीपासून शेवटपर्यंत युनिकोडच ठेवा, आणि ते येत असलेलाच डीटीपीवाला शोधा. शेवटचं प्रूफ कागदावर वाचा, स्क्रीनवर नाही, आणि ज्याने अंकात काहीच लिहिलेलं नाही त्याला वाचायला द्या.

आत काय घालायचं? पहिल्या पानावर दोन महिन्यांतली एक गोष्ट, दीडशे-दोनशे शब्दांत. मधल्या दोन पानांवर नोंदींचा तक्ता. ती पानं कधीही कमी करू नका, लेख कमी पडले तरी तक्ता मोठा करा. एका पानावर नव्या सदस्याचं लिखाण. पुढच्या फेऱ्यांची तारीख, वेळ आणि भेटायची जागा. जमाखर्च, चार ओळींत. आणि "दिसले नाहीत" असं सदर. ते आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचलं जातं. मागच्या वर्षी याच महिन्यात असलेले आणि यंदा न दिसलेले पक्षी त्यात येतात. आधी लोकांना ते अपशकुनी वाटलं. आता तेच विचारतात, "चित्रबलाक आला का या वेळी?"

नवे लेखक सगळे एकाच ओळीने सुरू करतात: "पहाटेची गुलाबी थंडी, धुक्याची दुलई पांघरलेला तलाव..." पहिला परिच्छेद सरसकट कापा आणि दुसऱ्यापासून छापा. दहापैकी नऊ वेळा लेख तिथूनच सुरू होतो. लेखकाला मात्र छापण्याआधी फोन करून सांगा, छापल्यावर नव्हे.

नोंद कशी सुधारायची ते बघा. आलेला मजकूर असा होता: "हिप्परगा तलावावर अनेक सुंदर स्थलांतरित पक्ष्यांचं दर्शन घडलं व मन प्रसन्न झालं." आम्ही लेखकाशी बोलून तो असा केला: "हिप्परगा, सकाळी सात ते साडेआठ, ढगाळ, पाणी भिंतीपासून बरंच आत. थापट्या ४०, तलवार बदक १२, शेकाट्या ३१, धोबी ६. थापट्या उथळ पाण्यात चोच पाण्याला लावून गोल-गोल फिरत होते." मन प्रसन्न झालं हे वाचणाऱ्याला शेवटच्या वाक्यातून कळतंच.

वेगळा पक्षी दिसल्याची नोंद आली की सदस्याला अविश्वास वाटणार नाही अशा सुरात विचारा: अंगावरची कोणती खूण दिसली, किती लांबून, बरोबर आणखी कुणी पाहिला का. फोटो असेल तर उत्तमच. उत्तरं कच्ची असतील तर "बहुधा" लावून छापा. आमच्या एका अंकात कापशी घारीच्या फोटोखाली शिक्रा छापलं गेलं. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर दुरुस्ती दिली, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात नव्हे. त्यानंतर सदस्य स्वतःच्या चुका स्वतः कळवू लागले.

नावांचा घोळ होणार. एकाच पक्ष्याला कुणी नीलकंठ म्हणतं, कुणी चाष, कुणी तास. मंडळाने एक यादी ठरवून घ्यावी आणि अंकात तीच नावं वापरावीत, बोलताना ज्याला जे हवं ते. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. पक्ष्यांना आणि जंगलातल्या गोष्टींना मराठी शब्द मिळावेत म्हणून त्यांनी आयुष्य घातलं. अवघड इंग्रजी नाव देवनागरीत जसंच्या तसं टाकण्याआधी मराठी नाव आहे का, हे एकदा तरी शोधा. आणि आपल्या गावात मराठी एकटी नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आजी चिमणीला पिच्चुका म्हणतात, अक्कलकोटकडच्या कन्नड आजी गुब्बी. मोर एकीकडे नेमली, दुसरीकडे नविलु. दर अंकात एका पक्ष्याची तेलुगू आणि कन्नड नावं देतो, ती घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणायचं काम मुलांना दिलंय. त्यामुळे अंक घरात आजीपर्यंत पोचतो.

वर्षाचा ताळेबंद

जूनमध्ये चातक कधी दिसला आणि पावशा कधी ओरडला, याची तारीख दर वर्षी छापा. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे मोजा, हे काम शाळकरी मुलं फार मन लावून करतात. पावसाळा संपता-संपता भोरड्यांचे थवे येतात, पुढे ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो. अंकात भोरड्यांचं कौतुक छापाल तेव्हा त्या शेतकऱ्याचीही बाजू छापा, त्याचं कणीस जातं. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळांत जायचं ते तेव्हा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना आणि फेब्रुवारीत चार दिवसांची अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक मोजणी. या दोन्हींत तुमच्या तलावाचे आकडे गेलेच पाहिजेत. थंडीत एकदा उजनीला जा, रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला. वर्षातून एकदा सहलीची हौस भागवावी, एकदाच.

पैसे आणि कागदपत्रं

वर्गणी कमी ठेवा पण घ्या. फुकटच्या मंडळाला लोक फुकटातलंच समजतात. आम्ही वर्षाला ३०० घेतो, विद्यार्थ्यांना ५०. त्यात सहा अंक निघतात. नोंदणीची घाई करू नका. सात सदस्य जमले की १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंदता येते, पण त्यानंतर दर वर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, बदल कळवावे लागतात. हे करायला माणूस आहे का ते आधी बघा. दोन वर्षं वही आणि दोन सह्या पुरतात. अंकावर "फक्त सदस्यांसाठी, खासगी वितरण" छापा आणि विक्रीला ठेवू नका.

काही प्रती सदस्यांपलीकडे द्या: वनविभागाच्या कार्यालयात, तलावाजवळच्या शाळेत, ज्याच्या बांधावरून तुम्ही चालता त्या शेतकऱ्याला, आणि काठावरच्या चहावाल्याला. चहावाला पानं वडे गुंडाळायला वापरेल असं मला वाटलं होतं. त्याने पहिली प्रत टपरीला टांगली आणि पुढच्या वेळी सांगितलं, "सर, परवा पाणकोंबड्या आल्यात, तुमच्यात लिहिलेल्या नाहीत." त्या आठवड्यात मी पुन्हा तलावावर गेलो, जांभळ्या पाणकोंबड्या सात होत्या.

तीन वर्षांनी सचिव आणि संपादक बदला, दोघं एकदम नको. ई-बर्डचा पासवर्ड, पीडीएफच्या मूळ फाइली आणि सदस्यांची यादी लिहून द्या, डोक्यात ठेवू नका. वहीच्या पहिल्या पानावर तो हाताने काढलेला नकाशा चिकटवलेला असू द्या. नव्या सचिवाबरोबर त्याच्या पहिल्या फेरीला जा, वही त्याच्या हातात द्या आणि वारकरी दोघांनी वेगवेगळे मोजा. आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा.